भरदुपारची पाहणी

गावातली माणसं फुसाएला 'तहान तोलणारी' म्हणायची. नाव चेष्टेनं पडलेलं, पण तिला ते मनापासून आवडे. सरकारी शेती-केंद्रावर एकतीस वर्षं तिनं एकच काम केलं. भाताच्या कुंड्या काट्यावर चढवायच्या, आकडा लिहायचा, उतरवायच्या. पहाटे पाचला पहिलं वजन, संध्याकाळी सातला शेवटचं, आणि मधे दर तासाला एक, मग डोक्यावर ऊन असो की ढग. म्हातारपणी तिच्या उजव्या खांद्यात कळ यायची, तेव्हा कुणी विचारायच्या आत ती सांगून टाकायची, "भात उचलून उचलून आलीय ही. खाऊन नव्हे."

तहानेशी तिची पहिली ओळख मात्र त्याच्या बरीच आधीची. एकोणचाळीस सालचा उन्हाळा होता आणि ती बारा वर्षांची होती.

आमच्या जपानच्या सानुकी भागात नद्या म्हणजे नुसती नावं. डोंगरातून निघतात आणि घोटभर पाणी घेऊन समुद्रात जाऊन पडतात. म्हणून वाडवडिलांनी जिकडेतिकडे तळी बांधली. फुसाएचं गाव किजी तळ्याखालचं, आणि त्या तळ्याचा पाटकरी म्हणजे तिचा बाप, सोगो यासुके. तळ्याच्या बांधावर गवतानं शाकारलेली एक खोपटी होती. तिच्यात राखेनं भरलेली लाकडी पेटी आणि राखेत खोचलेली उदबत्ती. ज्या खाचराची पाळी, त्याच्या नावाची उदबत्ती. मोठ्या खाचराला अख्खी, लहानाला मोडून अर्धी. ती विझली की यासुके ढोल बडवायचा आणि खाली पाटावरचा माणूस फळी फिरवून पाणी पुढच्याच्या खाचरात सोडायचा. उदबत्ती जळते तोवर पाणी तुझं, इतका साधा कायदा. बापाच्या कपड्यांना बारा महिने देवळासारखा वास यायचा, आणि लहानपणी फुसाएला वाटे, सगळ्यांच्याच बापांना असा वास येत असेल.

त्या वर्षी लावणी कशीबशी उरकली आणि पावसानं तोंड फिरवलं ते फिरवलंच. जुलै सरता सरता तळ्याच्या कडेचा चिखल भाजलेल्या कौलासारखा तडकला. अख्ख्या उदबत्त्यांच्या अर्ध्या झाल्या, अर्ध्यांच्या पाव. माणसं पाळीवरून भांडायला लागली, आणि भांडण बहुतेक दुपारच्या पाळीचं असायचं. दुपारची पाळी कुणालाच नको. "दुपारचं अर्धं पाणी आभाळच पितं," असं म्हणत. यासुके रोज पाळ्या एकेक घर पुढे सरकवायचा, म्हणजे दुपार सगळ्यांच्या वाट्याला सारखी यावी. तरी रोज कुणीतरी खोपटीच्या दारात उभं राहून म्हणायचंच, "यासुके, तुझी पाळी कशी रे नेमकी सकाळी येते?"

गावाच्या वरच्या टोकाला थोडी रेताड जमीन होती. तिथली सात खाचरं फुसाएच्या मैत्रिणीची, किनूची. किनूचा बाप चीनमध्ये लढाईवर गेलेला, घरात आई आणि किनू, दोघीच. रेतीत पाणी ठरत नाही, त्यामुळे पाव उदबत्तीचं पाणी तिथे फुंकर मारल्यासारखं नाहीसं व्हायचं. मग किनूच्या आईनं चहाची मातीची किटली घेतली. विहिरीतून पाणी शेंदायचं, किटलीत भरायचं आणि भाताच्या एकेका चुडाच्या, म्हणजे रोपांच्या झुबक्याच्या, बुडाशी नळीनं धार धरायची. तीन मोजेपर्यंत धार, मग पुढचा चूड. शाळा सुटली की फुसाएही जायची. तिच्या हातात दुसरी किटली, किनूच्या हातात तिसरी, जिचं झाकण केव्हाच फुटलं होतं.

"तू चार मोजतेस!" किनू ओरडायची.

"तीनच मोजते. सावकाश मोजते."

"आमच्या विहिरीचं पाणी आहे ते. जोरात मोज."

त्या दिवसांत फुसाएनं भाताकडे जसं बघितलं तसं गावात दुसऱ्या कुणी बघितलं नसेल. सकाळी पानं रुंद आणि मऊ असायची. ऊन चढलं की ती कडेनं वळायला लागत, आणि बाराच्या सुमाराला सगळं खाचर सुयांनी भरल्यासारखं दिसे. बघून वाटावं, संपलं. पण ऊन उतरलं की त्याच सुया हळूहळू उलगडत. संध्याकाळी चांगलं पाणी मिळालं असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे पानाच्या टोकावर पाण्याचा मणी लटकलेला असायचा. दव सगळ्या पानभर पसरतं, हा मणी फक्त टोकाला. किनूची आई म्हणायची, "मणी दिसला की समज, आज त्याचं पोट भरलंय."

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात यासुके गावातल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन रेताडावर पाहणीला आला. भरदुपार होती. फुसाए बापासाठी चहाचा डबा घेऊन मागे मागे चालत होती. तिघं बांधावर उभे राहिले. समोर सगळ्या सुया.

"बघा," यासुके म्हणाला. "हे गेलं."

"पोटरीतसुद्धा आलं नव्हतं रे अजून, पोटात कणीस धरलं नव्हतं," एक म्हातारा हळहळला.

"गेलेल्याला पाणी पाजून काय होणार? आहे ते खालच्यांना पुरवू. तेवढं तरी हाती लागेल."

दोघांनी माना हलवल्या. किनूची आई किटली हातात धरून चार पावलांवर उभी होती. ती म्हणाली, "यासुकेदादा, एकदा संध्याकाळी या ना बघायला."

यासुकेनं वर बघितलं नाही. "संध्याकाळी मला उदबत्त्या लावायच्या असतात," एवढं बोलून तो वळला.

संध्याकाळी पानं उघडतात, हे फुसाएच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायची रीत नव्हती, आणि शेवटी बाप तो बाप. ती चहाचा डबा छातीशी धरून गप्प राहिली.

त्या दिवसापासून रेताडावरच्या पाच घरांच्या उदबत्त्या बंद झाल्या. बाकीच्या चौघांनी दोन दिवसांत नाद सोडला. किनूची आई अकरा दिवस किटलीनं पाणी घालत राहिली. बाराव्या दिवशी विहिरीत बादली नुसती खडखडली, आणि त्या संध्याकाळी पानं उलगडली नाहीत. सोगोंच्या खाचरात मात्र भात निसवलं. फार नाही, पण पोटापुरतं पिकलं.

शरद ऋतूत किनूची आई जमीन विकून लेकीला घेऊन ओसाकाला भावाकडे गेली, कापडगिरणीत कामाला. निघताना किनू फुसाएशी नीट बोलली नाही. मालवाहू गाडीवर बोचक्यांमध्ये बसून ती म्हणाली, "तुमचं भात बाकी छान दिसतंय." बारा वर्षांच्या पोरीनं त्याच्यापुढे काय बोलावं? फुसाए गाडीमागे देवळापर्यंत चालत गेली आणि परत आली.

लढाई संपली, माणसं जमेल तशी घरी आली, जी यायची नव्हती ती आली नाहीत. अठ्ठेचाळीस साली शेती-केंद्राला कुंड्या तोलायला माणूस हवा होता. पहाटे उठणारं आणि आकडे स्वच्छ लिहिणारं, एवढीच अट. फुसाए दोन्हीत बसली. तिथले साहेब नागाई म्हणून होते, उंच, किडकिडीत, स्वतःच उन्हाला ठेवलेल्या रोपासारखे. त्यांनी पहिल्या दिवशी काम समजावलं. कुंडीत भाताचा एक चूड, आणि कुंडीचं तोंड मेण लावलेल्या कापडानं चुडाभोवती घट्ट बांधलेलं. म्हणजे मातीतून पाणी उडायला वाट नाही. वजन घटलं तर ते पाणी पानातूनच गेलं.

"पानातून जातं कुठून?" फुसाएनं विचारलं.

नागाई साहेबांनी तिला सूक्ष्मदर्शकावर बसवलं. पानाचा पापुद्रा काचेवर होता. आधी तिला नुसतं हिरवं धुकं दिसलं, मग एकदम ओळीनं बारीक बारीक तोंडं.

"अगंबाई! हे तर बोलतायत."

"श्वास घेतायत," साहेब म्हणाले. "उजेड पडला की उघडतात, अंधारात मिटतात. उघडल्याशिवाय हवा आत येत नाही आणि हवेशिवाय अन्न शिजत नाही. पण तोंड उघडं ठेवलं की आतलं पाणी बाहेर जाणारच. फुकट काही नसतं सोगोबाई, भातालासुद्धा."

त्या दिवशी ती एक कुंडी काट्यावर ठेवायची विसरली. एकतीस वर्षांतली ती एकच चूक.

हळूहळू तिला आकड्यांची चव लागली. ऑगस्टातल्या लख्ख उन्हात एकच चूड दिवसाला पाऊण लिटर पाणी पिऊन टाकायचा. ढगाळ दिवशी त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर भागवायचा. अर्ध्या कुंड्यांवर बोरूचा पडदा टाकला, तर हवा तितकीच तापलेली असूनही पडद्याखालचं पिणं निम्म्याखाली यायचं. उलट सूर्य मावळल्यावर हवा कितीही उकडत असली तरी काटा जेमतेम हलायचा. ऑक्टोबरात ऊन स्वच्छ पण हवा गार, तेव्हाही कमी. नागाई साहेब यावर लांबलचक निबंध लिहीत होते. फुसाएनं तो एका ओळीत उरकला. "ऊन दार उघडतं आणि उष्मा आतलं ओढून नेतो." साहेब पेन खाली ठेवून म्हणाले, "चाळीस पानं लिहिलीत हो मी."

काटा तपासायला वर्षातून एकदा शहरातून माणूस यायचा, कोझाई तोकुजी. बावन्न साली तो चार वेळा आला. चौथ्या खेपेला साहेबांनी विचारलं, "काय हो, आमचा काटा एवढा बिघडतो कसा?"

तोकुजी कानापर्यंत लाल झाला. "काटा ठीक आहे साहेब. माझंच काहीतरी बिघडलंय."

पुढच्या वसंतात दोघांचं लग्न झालं. तोकुजी घरजावई म्हणून यासुकेच्या घरी आला आणि सासऱ्याशी त्याचं असं जमलं की फुसाएला कधीकधी वाटे, हा आपल्याशी लग्न करून आला की बापाशी.

त्याच वर्षी ऑगस्टात ती गोष्ट घडली. दक्षिणेच्या डोंगरावरून कोरडा, तापलेला वारा उतरला होता. कुंड्यांना पाणी भरपूर होतं, ऊन कडक होतं, म्हणजे काटा धावायला हवा. अकराच्या तासात एका कुंडीनं नव्वद ग्रॅम पाणी घालवलं. बाराच्या तासात सत्तर. एकच्या तासात अठ्ठेचाळीस. तीननंतर परत वाढून पासष्ट. संध्याकाळी साहेबांनी आकडे बघितले आणि चष्मा काढला.

"कोझाईबाई, दुपारी जेवायला गेला होतात का?"

"डबा इथेच खाल्ला. उभ्यानं."

"नाही, म्हणजे... दोन वजनं अंदाजानं लिहिली असतील तर सांगा. उन्हातान्हाचं होतं असं."

फुसाएच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "उद्या तुम्हीच तोला."

दुसऱ्या दिवशीही तोच वारा होता. साहेब स्वतः गवती टोपी घालून काट्याशी बसले. दुपारी दीडला त्यांनी टोपी काढली, तिच्यासमोर कमरेत वाकून माफी मागितली, आणि मग लहान पोरासारखे खूश होऊन म्हणाले, "मिटून घेतंय! हवा फारच ओरबाडायला लागली की भात तोंड मिटून घेतंय! पाणी आहे तरी!"

फुसाए पानांकडे बघत होती. पानांच्या कडा आत वळल्या होत्या. तिच्या डोळ्यांपुढे रेताडावरचं खाचर आलं आणि चहाचा डबा.

घरी गेली तेव्हा यासुके ओटीवर पेंढ्याचा दोर वळत बसला होता. साठी उलटली होती त्याची. ती शेजारी टेकली.

"बाबा, दुपारी पानाची सुई होते ना, तेव्हा ते मरत नसतं. तोंड मिटून पाणी राखत असतं."

"हं."

"रेताडावरचं भात तुम्ही दुपारी बघितलं होतं."

दोर वळणारे हात थांबले नाहीत. "बांधावर वीस वर्षं काढली मी. पान संध्याकाळी उघडतं हे कळायला मला तुझा काटा लागतो होय गं?"

फुसाएला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"तळ्यात अठरा दिवसांचं पाणी होतं. सगळ्यांना दिलं असतं तर सगळंच पोटरीत वाळलं असतं. कुणाचं तरी तोडायला हवं होतं. रेती पाणी धरत नाही, म्हणून रेताड. त्यात माझं स्वतःचं एक खाचर असतं तर बरं झालं असतं, पण नव्हतं." त्यानं दोराला पीळ दिला. "त्या दोघा म्हाताऱ्यांना संध्याकाळी नेलं असतं, आणि हिरवी उघडी पानं समोर दिसली असती, तर कुणाचंच तोंड उघडलं नसतं. माझंसुद्धा. म्हणून दुपारी नेलं."

"आणि किनूच्या आईला काय वाटलं असेल?"

"तिला काय सांगू? जिवंत आहे, पण मी मारतोय, असं?" एवढं म्हणून तो उठला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेला. दाणे टाकून झाल्यावरही बराच वेळ तिथेच उभा होता. बापलेकीत हा विषय पुन्हा कधी निघाला नाही. दहा वर्षांनी यासुके गेला, तेव्हा गावानं तो ढोल त्याच्या अंत्ययात्रेत वाजवला.

किनू त्याच्या आधीच गावात परतली होती. आई वारलेली, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. गिरणीत साठवलेल्या पैशांतून तिनं रेताडावरची स्वतःची दोन खाचरं परत विकत घेतली. पहिल्या दिवशी ती फुसाएच्या दारात आली ती हातात कांद्याची पात घेऊन. "ही चिरून घे. रश्शातल्या जाड शेवया, उदोन करू. शहरातले उदोन म्हणजे भिजवलेली सुतळी असते गं." बस्स, तेवढंच. मधली बावीस वर्षं दोघींनी अशी उचलून बाजूला ठेवली. फुसाएला कित्येकदा वाटलं, सांगावं. वाफाळत्या रश्शात सुक्या मासळीचा वास, समोर तोंडात उदोन भरून हसणारी किनू. अशा वेळी कोण सांगतं?

मग डोंगरापलीकडच्या धरणाचा मोठा कालवा आला. खोपटी पडली. उदबत्त्या फक्त देवापुढे उरल्या. फुसाए नोकरीतून सुटली, तोकुजी गेला, नातवंडं शहरात. पाण्यासाठी भांडण झालेलं आठवणारी माणसं एकेक करून कमी झाली. तिला ते दिवस आठवायचे, पण दुष्काळाचे म्हणून नव्हे. खोपटीतला वास, ढोल, संध्याकाळी तीन किटल्यांच्या तीन धारा आणि किनूचं ओरडणं. माणूस आठवणीतून ऊन काढून टाकतो आणि सावली ठेवून घेतो.

चौऱ्याण्णव साली मात्र धरणाचाच तळ दिसायला लागला. नळाला दिवसातून पाच तास पाणी. उदोनच्या दुकानांवर दुपारीच कुलपं. कालव्याचं पाणी तोडलं गेलं आणि गाव पुन्हा किजी तळ्याकडे वळलं. पाटकरी झाला फुके नावाचा पंचेचाळिशीचा माणूस, एरवी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. तो फुसाएच्या ओटीवर येऊन बसला.

"मावशी, उदबत्ती कुठली आणायची तेही आम्हाला ठाऊक नाही. दुकानात बारा प्रकार आहेत."

"बिनवासाची आण. वासाची आणलीस तर खोपटीत झोपून जाशील."

फुके हसला, मग डोकं खाजवत म्हणाला, "आणखी एक आहे. मंडळी म्हणतायत, रेताड सोडून द्यावं. सोळा दिवसांचं पाणी आहे. उद्या दुपारी पाहणी ठेवलीय."

फुसाएनं हातातला पंखा खाली ठेवला. "नाही. दुपारी तर नाहीच. उद्या संध्याकाळी सहाला या सगळे, आणि परवा पहाटे पाचला पुन्हा या. जो पहाटे येणार नाही त्यानं बोलायचं नाही."

सदुसष्ट वर्षांच्या बाईनं असं सांगितल्यावर सगळे आले, जांभया देत का होईना. संध्याकाळी रेताडावरची पानं उलगडलेली होती. पहाटे कुठे कुठे टोकावर मणी होता, कुठे नव्हता. फुसाए बांधावरून चालत प्रत्येकाला दाखवत गेली. मग तिनं आपलं म्हणणं मांडलं. कुठलंच खाचर सोडायचं नाही. पाळी तारखेनं द्यायचीच नाही, उन्हानं द्यायची. ढगाळ दिवशी भात तिसऱ्या हिश्श्यानं पितं, त्या दिवशी तळ्याचं दार बंद. कुणाचीही पाळी असो. वाचलेलं पाणी लख्ख उन्हाच्या दिवसासाठी. आणि पोटरीत आलेल्या खाचराला पहिला मान, कारण तेव्हाची तहान दाण्यात उतरते.

"आणि नाही जमलं तर?" कुणीतरी विचारलं.

"तर सगळ्यांचंच थोडं थोडं जाईल. मी पैज मारत नाहीये. एकतीस वर्षं तोललंय, तेवढं सांगतेय."

पाचव्या दिवशी आभाळ भरून आलं, पाऊस नसलेलं नुसतं करडं आभाळ. फुकेनं दार बंद ठेवलं. पाळी होती किनूची. तासाभरात किनू फावडं घेऊनच फुसाएच्या अंगणात.

"माझ्याच पाळीला बरे ढग आले!"

"किनू, आज तुझ्या भाताला नाही लागत. परवा ऊन पडेल, परवा पहिली उदबत्ती तुझी."

"सोगोंचा न्याय कळतो मला. बापानं दुपार बघितली, लेकीनं ढग बघितले. मेलं आमचंच रेताड."

फुसाए उंबऱ्यातच बसली. आणि जे एक्केचाळीस वर्षं तोंडात होतं ते तिनं सांगून टाकलं. बापाला ठाऊक होतं. मुद्दाम दुपार निवडली होती. अठरा दिवसांचं पाणी. सगळं.

किनूनं फावडं भिंतीला टेकवलं.

"आईला माहीत होतं," ती म्हणाली. "ती म्हणायची, यासुकेदादांनी माझ्याकडे बघितलंच नाही. खरंच मेलंय असं वाटलं असतं तर माणूस बघतो, हळहळतो. शेवटपर्यंत म्हणायची. पण त्यांच्यावर चिडायची नाही. म्हणायची, त्या जागी मी असते तर मीही दुपारीच गेले असते."

"मग..."

"मी त्यांच्यावर नाही चिडलेय. तू रोज संध्याकाळी आमच्याबरोबर होतीस. तुझ्या हातात किटली होती. तू बोलली नाहीस."

"नाही बोलले," फुसाए म्हणाली. बारा वर्षांची होते, असं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही.

किनू फावडं उचलून निघून गेली. तीन दिवस ती फिरकली नाही. परवाची पहिली उदबत्ती तिची होती, ती तिनं घेतली, पण पाटावर फुसाए दिसल्यावर मान वळवली. चौथ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारातून हाक आली.

"अगं ए, पोटरीत आलंय म्हणजे नक्की कसं ओळखायचं? फुके म्हणतो आलंय, मला वाटतं नाही आलं. त्याला ट्रॅक्टरचं विचारावं, भाताचं नाही."

फुसाए चपला न घालताच बाहेर पडली.

सप्टेंबरच्या शेवटी वादळ आलं आणि दोन दिवस कोसळलं, तोवर तळ्यात हातभर पाणी उरलेलं होतं. रेताडावर नेहमीच्या निम्मं पिकलं, खालच्या खाचरांतही नेहमीपेक्षा कमीच. चार घरं कुरकुरली की रेताड सोडलं असतं तर आमचं पूर्ण झालं असतं. त्यांचं खोटंही नव्हतं. फुसाएनं ऐकून घेतलं. किनूनं मात्र नव्या तांदळाचा पहिला भात शिजवून तिला जेवायला बोलावलं आणि ताटात वाढताना म्हणाली, "दाणा जरा बारीकच आहे. तुझ्यासारखा."

पुढच्या फेब्रुवारीत वृद्ध मंडळाची सहल निघाली, डोंगरापलीकडचं ते मोठं धरण बघायला. सगळ्यांना एकदा बघायचंच होतं, आपलं पाणी येतं कुठून. बस वर पोचली तर दाट धुकं. कठड्याशी उभं राहून खाली हात फिरवला तर हातच दिसेना. मार्गदर्शक पोरगी माइकमधून सांगत होती की या ठिकाणी अथांग जलाशय पसरलेला आहे.

"आम्ही विश्वास ठेवतो गं बाई," किनू मोठ्यानं म्हणाली. "आता पुढे चल, थंडीनं गुडघे वाजतायत."

सगळी म्हातारी मंडळी हसायला लागली, पोरगीही हसली. खाली येताना रस्त्याकडेला लिंबासारखी सुगंधी फळं विकायला होती, ती दोघींनी मिळून एक पिशवीभर घेतली. बसमध्ये खिडकीची जागा कुणाची यावरून पुन्हा वाद झाला. जाताना किनू खिडकीशी बसली होती, म्हणून येताना ती फुसाएची, असं फुसाएचं म्हणणं.

"जाताना दिसलं काय? धुकं. ते मोजू नकोस," किनू म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली. पहिल्या वळणाच्या आत तिला डुलकी लागली. फुसाएनं तिच्या मांडीवरची पिशवी घसरू नये म्हणून आपल्याकडे घेतली आणि बस घाट उतरायला लागली.